आप्पांनी साखर सोडली

मुलाखतीत मी फुटबॉल खेळतो असं सांगितलं. मी फुटबॉल खेळत नव्हतो.

नगरच्या शाळेत असताना फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की गोलच्या मागे बाभळीत अडकलेला चेंडू मी काढून आणून द्यायचो. पण बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं होतं, वडील माझ्या ताटाकडे बघून उसासे टाकायला लागले होते, आणि समोर बसलेल्या साखर कारखान्याच्या चेअरमननी आपणहून विचारलं होतं, "काही खेळताबिळता का?" त्यांच्या मागच्या भिंतीवर फुटबॉल संघाचे फोटो होते. कपाटावर ढाली होत्या. समोरच्याला काय ऐकायचंय ते बघून बोलावं, एवढी अक्कल मला होती. मी म्हणालो, "फुटबॉल."

"कुठल्या जागेवर?"

ज्या जागेवर धावावं लागत नाही अशी एकच जागा मला ठाऊक होती. "गोलकीपर."

चेअरमन खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, काय साधा माणूस आहे! रुजू झाल्यावर आठ दिवसांत कळलं की माणूस साधा नव्हता, अडचणीत होता.

कारखाना प्रवरेच्या कालव्यावरचा. नाव सांगत नाही. तिकडं कारखाने बरेच आहेत, ज्याला जो वाटेल तो त्यानं धरावा. पहिले चीफ केमिस्ट कोल्हापूरचे होते आणि त्यांना साखरेपेक्षा फुटबॉलचं वेड जास्त. त्यांनी कोल्हापूरच्या पेठांमधून तयार पोरं आणली, कुणाला फिटर म्हणून दाखवलं, कुणाला हेल्पर. पगार कारखान्याचा, काम मैदानावर. त्या पोरांनी काही वर्षं जिल्ह्यात कुणाला उभं राहू दिलं नाही. ऊस घेऊन आलेले गाडीवान बैल सोडून मॅच बघत बसायचे आणि इकडं ऊस आत नेणारी गव्हाण रिकामी फिरायची. मग चीफ केमिस्ट सोडून गेले आणि त्यांच्या मागोमाग मुंबईच्या एका गिरणीनं सगळी पोरं उचलली. मागे राहिला एक जण, ज्याचा गुडघा गेला होता. त्याला कोच केलं. आणि चेअरमननी भर सभेत सांगून टाकलं, की आता आपल्या शिवारातल्याच पोरांचा संघ उभा करू आणि ढाल परत आणू.

आपल्या शिवारातली पोरं म्हणजे कर्जतकडचे दोन पैलवान, ज्यांना चेंडूपेक्षा माणूस धरायला आवडायचं, कबड्डी खेळणारे सात जण, जे मैदानाच्या मध्यरेषेवर आले की सवयीनं दम धरायचे, बॉयलरवरचा एक काटकुळा पोरगा, जो खरंच पळायचा, आणि मी.

या संघाकडून लोकांना काय हवं होतं? ढाल. लगेच. ज्यांनी वर्षानुवर्षं जिंकणंच पाहिलंय त्यांना 'नवा संघ' ही भानगड समजत नाही. गाडीवान, फिटर, हिशेबनीस, कॅन्टीनवाला, सगळे मॅचला येताना चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव घेऊनच यायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा चेहरा नासलेल्या दुधासारखा व्हायचा. आणि मग शिव्या. कोल्हापूरच्या पोरांचं नाव घेऊन घेऊन शिव्या.

एक माणूस सोडून.

ते शेतकी खात्यातले ओव्हरसियर. त्यांचंही नाव सांगत नाही, नातवंडं नगरात वकिली करतात. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पन्नाशीचे, काळेशार, धोतरावर खाकी कोट, आणि बारा महिने काखेत छत्री. छत्री पावसासाठी नव्हतीच. ती उसाची उंची मापायला, कुत्री हाकलायला आणि बोलताना समोरच्याच्या छातीवर टेकवायला. आयुष्यात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "पोरगं म्होरं गेलं ह्यो गुन्हा कसा काय?" असं ते रेफ्रीला मॅच संपल्यावर शांतपणे विचारायचे. कोपऱ्यावरून मारलेल्या किकला ते 'बांधावरची' म्हणायचे.

पण संघ त्यांना कळत होता, असं त्यांचं म्हणणं. "ती कोल्लापूरची पोरं म्हंजी गेटकेन," ते सांगायचे. गेटकेन म्हणजे कारखान्याच्या हद्दीबाहेरून विकत आणलेला ऊस. "आली, गाळली, गेली. आपल्या रानात काय ऱ्हायलं? आता ही आपली लागण हाय. आन ती बी आडसाली. आखाडात लावलेला ऊस दुसऱ्या सालच्या दिवाळीच्या म्होरं तुटतो. तवर त्येला इचारायचं नसतं, का रं बाबा, किती वाढला!"

संध्याकाळी आमचा सराव चालला की ते मैदानात फिरायचे, उसाच्या सरीतून फिरावं तसे, खेळाडूंच्या मधून. चेंडू अंगावर आला तर छत्रीनं बाजूला सारायचे. एखाद्या पोराची पोटरी दाबून बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "पेर बरं धरलंय." माझ्या पोटरीला त्यांनी एकदाच हात लावला. खांद्यावर थोपटलं आणि पुढं गेले.

मॅचच्या वेळी त्यांची जागा ठरलेली होती. माझ्या पाठीमागे, बारदानाच्या सुतळीच्या जाळीला नाक लावून. का, तर म्हणे रोप सगळ्यात कोवळं असेल तिथं राखणीला उभं राहावं. मी पुढं बघत उभा आणि मागून त्यांचं चालू:

"चाललंय, चाललंय. मूळ धरतंय."

गोल झाला की, "असू दे. पयलं पानी मातीच पिती."

दुसरा झाला की, "दुसरं बी थोडं पिती."

पाचवा झाला की नुसतं, "माती लई तान्हेली हाय."

शिव्या देणाऱ्याला माणूस उलट शिवी देऊ शकतो. आशा ठेवणाऱ्याला काय देणार? मला त्या गृहस्थाची एवढी भीती वाटायची, की गोल खाल्ल्यावर जाळीतून चेंडू काढायला मी वळायचोच नाही. मागे हात करून चाचपायचो. ते चेंडू माझ्या हातात ठेवायचे, वर त्याची धूळ कोटाला पुसून.

पहिली मॅच नगरच्या लष्करी तळावरच्या संघाशी झाली. जवान शिस्तीचे होते. गोल मारला की ओळीनं परत जायचे आणि ओळीनं परत यायचे. त्या दिवशी संध्याकाळी कॅन्टीनमध्ये वजनकाट्यावरचा कारकून टेबलावर चढून बसला होता. हा काटा कारकून म्हणजे कारखान्याचं तोंड. दिवसभर गाड्यांची वजनं करायची आणि संध्याकाळी माणसांची.

"आप्पा," तो म्हणाला, "तुमची पोरं जिंकली ना, की मला उठवा. मी तवर झोपतो."

लोक हसले. आप्पांच्या हातात चहा होता. त्यांचा चहा कॅन्टीनमध्ये वेगळा व्हायचा, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. त्यांनी कप खाली ठेवला. "ह्यो घिऊन जा," ते कॅन्टीनवाल्याला म्हणाले. "बिनसाखरंचा आन."

"का वो आप्पा? डाक्टरनं सांगितलं काय?"

"न्हाई. आपली पोरं जिकली की साखरंचा पिईन. तवर बंद. चहातली बी आन कशातलीबी."

काटा कारकून टेबलावरून खाली उतरला. मग म्हणाला, "आप्पा, मंग ह्यो शेवटचा पिऊनच टाका."

आप्पांनी तो प्यायला नाही. साखर कारखान्यात माणसानं साखर सोडली, ही बातमी पाळी बदलायच्या आत सगळीकडं झाली.

नवस बोलणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे इतर लोक. कारखान्यात वादच सुरू झाला. ऊस धरायचा का साखरेत? कारण आप्पांचं कामच असं, की उभ्या उसाची कांडी मोडायची, चावायची आणि तोडीला आलाय का ते सांगायचं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला: चघळायचा आणि थुंकायचा. "जीभ कारखान्याची," ते म्हणाले, "घसा माजा." मी स्वतः पाहिलंय त्यांना, देवळाली प्रवरेच्या एका मळ्यात, चांगला रसाळ ऊस चावून डोळे मिटून थुंकताना. शेतकरी घाबरला. त्याला वाटलं ऊस किडका निघाला.

रेशनवर मिळणाऱ्या साखरेतला त्यांचा वाटा घरात पडून राहायला लागला. तेव्हा साखर कारखान्यात राहणाऱ्यालाही साखर मोजूनच मिळायची. कॉलनीतल्या बायका वाटी घेऊन काकूंकडे, म्हणजे आप्पांच्या बायकोकडे, यायला लागल्या. वाटी भरून घेऊन जाताना हटकून विचारायच्या, "परवा हायती का मॅच? हारत्याल ना?"

आम्ही कुणाला नाराज केलं नाही.

एकदा मात्र जिंकायला आलो होतो. श्रीरामपूरकडच्या एका संघाशी बरोबरी चालली होती. बॉयलरवरचा पोरगा चेंडू घेऊन सुटला, पुढं फक्त त्यांचा गोलकीपर, आणि तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. पोरगं दुसऱ्या पाळीचं. त्यानं चेंडू तिथंच ठेवला, चप्पल घातली आणि कामावर निघून गेला. लोक मैदानात शिरले. कोच गेलेल्या गुडघ्यासकट उडी मारून उभा राहिला. आप्पा एकटे शांत होते. "पोरगं कामाचं हाय," ते मला मागून म्हणाले. "भोंग्याला गेलं. असलीच पोरं टिकत्यात."

आणि मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही. कालव्याला पाणी सोडणं बंद झालं, ऊस सरीतच वाळून सरपण झाला. मैदानाच्या अर्ध्या भागावर जनावरांची छावणी पडली. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही, धुळीत. छावणीतली गाई-बैलं आमच्या सरावाकडे तोंड करून रवंथ करत बसायची. खरं सांगू, तेवढे सहनशील प्रेक्षक आम्हाला कधी मिळाले नाहीत.

आप्पा त्या वर्षी सुकले. दिवसभर शेतकऱ्यांच्या रानात जाऊन काय बघायचं, तर वाळलेलं. ते परत यायचे आणि छत्री भिंतीला टेकवून मैदानाच्या कडेला बसायचे. त्याच दिवसांत एका संचालकानं विषय काढला की लोकांच्या जनावरांना वैरण नाही आणि आपण फुटबॉलवाले कशाला पोसतोय. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्यापुरतं तर शंभर टक्के बरोबर होतं. आप्पा चेअरमनकडे गेले. मी बिलं घेऊन तिथंच उभा होतो.

"साहेब, पगार बंद करू नका. कमी करा पायजे तर," आप्पा म्हणाले. "वाळला म्हनून ऊस कुनी उपटत न्हाई. वरचं वाळतं, बुडखा जित्ता असतो."

"आप्पा, दीड वर्ष झालं की आता. तुमची आडसाली तुटायला आली."

"मदला एक पावसाळा कोरडाच गेला न्हाई का साहेब? त्यो धरायचा न्हाई."

चेअरमननी खिडकीबाहेर छावणीकडे बघितलं. "हा सीझन," ते म्हणाले. "फकस्त हा."

आता खरी गोष्ट.

त्याच उन्हाळ्यात आप्पांच्या थोरल्या लेकीची सोयरीक जमली. दुष्काळात लग्न कसलं, पण पाहुण्यांनीच घाई केली. नेवाशाकडचे लोक. मुलगा तालुक्याला मास्तर, शांत. मुलाचा बाप मात्र नावाजलेला. एकदा पंगतीत पाणी उशिरा वाढलं म्हणून भरल्या ताटावरून उठून गेलेला, आणि थोरल्या मुलाची सोयरीक नारळाला शेंडी नाही म्हणून मोडून आलेला. साखरपुड्याची तारीख धरली. सोमवार.

त्याआधीच्या शनिवारी काकू सकाळीच माझ्या खोलीवर आल्या. मी दाढीचा साबण लावून बसलो होतो.

"तू गोलकीपर ना रं?"

"हो काकू. म्हणजे, उभा असतो."

"मंग ऐक. सोमवारी पाव्हणं येनार. व्याही व्याह्याच्या तोंडात साखर घालनार. त्याशिवाय सोयरीक पक्की हुती व्हय? आन ह्ये म्हनत्यात, मी तोंड उघडनार न्हाई. म्या म्हनलं, अवो देवाला नारळ फोडू, सोडवून घेऊ नवस. तर म्हनत्यात, नवस देवाला बोललो असतो तर सोडवून घेतला असता. पोरांफुडं बोललोय. मी खाल्ली तर पोरं म्हनतील, आप्पानं बी आशा सोडली." त्या माझ्या खाटेवर बसल्या. "त्यो पाव्हना उठून जाईल बाबा. लेकीचं नाव खराब हुईल. रविवारी तुमची मॅच हाय म्हनं. एकच जिका रं."

दारात लेक उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आई, चल," ती म्हणाली. "लग्न माजं आन नवसाचा देव ह्यो. लई बेस हाय." आणि मला म्हणाली, "साबन वाळला तुमचा."

मी गोल अडवू शकत नव्हतो. पण मी बी.कॉम. होतो, व्यवहार शिकलेला माणूस. मी दुपारी सायकल काढली आणि शेजारच्या कारखान्यावर गेलो. रविवारची मॅच त्यांच्याशीच होती. त्यांचा संघ आमच्याइतकाच वाईट. फरक एवढाच, की त्यांना गोलकीपर होता. तो गोडाऊनमध्ये पोत्यांवर बसून बिडी ओढत होता. मी त्याला सगळं सांगितलं. साखर, साखरपुडा, नेवाशाचा पाहुणा, शेंडी नसलेला नारळ. तो आधी हसला, पोत्यावरून घसरेपर्यंत हसला. मग त्यानं बिडी विझवली. त्यालाही बहिणी होत्या.

"पोरीचं काम हाय म्हनता," तो म्हणाला. "एक देतो. फुडलं तुमी बघायचं. दुसरा मागू नका, माजी बी नोकरी हाय."

मी परत येताना सायकलवर गाणं म्हणत आलो.

रविवारी त्या माणसानं शब्द पाळला. पैलवानानं मारलेला एक दुबळा चेंडू त्याच्याकडे निघाला आणि त्यानं काय सुरेख उडी मारली, उलट्या बाजूला! एक शून्य. लोकांनी फेटे उडवले. काटा कारकून कुणाच्या तरी खांद्यावर चढला. जवळपास दोन वर्षांत आम्ही पहिल्यांदाच पुढं होतो. माझ्या पाठीमागून मात्र काही आवाज आला नाही.

मग आम्ही बचावच केला. दोघे पैलवान ज्याला दिसेल त्याला धरत होते. वेळ सरत आली. रेफ्रीनं घड्याळ बघितलं. चेंडू लांब मध्यावर कुठंतरी होता. त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. मी मागे वळलो आणि जाळीतून म्हणालो, "आप्पा, उद्या बिनधास्त तोंड उघडा!"

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी हळूच छत्री उचलली आणि माझ्या पायांकडे दाखवली.

चेंडू आला होता. अगदी सावकाश, दुपारच्या उन्हात म्हैस पाण्यात शिरते तसा तो माझ्या दोन पायांमधून शिरला आणि जाळीला टेकला. मारणाऱ्यानं तो मारला नव्हता, आपल्या माणसाकडे ढकलला होता. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. त्यांचा गोलकीपर पलीकडून दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसलेला मला दिसला.

शिट्टी झाली. एक-एक.

लोक काय म्हणाले ते इथं लिहिता येत नाही. मी तिथंच बसलो. आप्पा जाळीच्या कडेनं आत आले, माझ्या शेजारी धोतर सावरून बसले.

"त्येनं दिला," ते म्हणाले, "आन तू परत केला. बरं झालं."

मी त्यांच्याकडे वळलो. "तुम्हाला कळलं?"

"अरं, खोटी उडी मला कळत न्हाई व्हय? खरी उडी कशी नसती ते तर मी रोज जाळीच्या मागून बघतोय." थोडा वेळ ते धुळीत छत्रीनं रेघा ओढत राहिले. "जिकलो असतो तरी साखर खाल्ली नसती मी. त्यो गोल गेटकेन हुता."

"मग उद्या काय करणार, आप्पा?"

पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगायला उसाचं काही नव्हतं. त्यांनी छत्रीची धूळ कोटाला पुसली आणि घराकडे निघाले.

जिंकलो आम्ही, पण पुढच्या सीझनला. चांगला पाऊस झाला होता, म्हणून चेअरमननी संघाला आणखी एक सीझन दिला होता. मी हिवतापानं खोलीत पडलो होतो आणि गोलमध्ये छावणीवर कामाला आलेला पाथर्डीचा एक पोरगा उभा केला होता, ज्यानं त्याआधी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. त्यानं एक गोल होऊ दिला नाही. संध्याकाळी आप्पा माझ्या खोलीवर आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात किटली. दोन कपांत चहा ओतला, चमचा उभा राहील असा. लोक बाहेर हलगी वाजवत होते, त्यांना खांद्यावर घ्यायला शोधत होते, आणि ते माझ्या खाटेच्या कडेवर बसले होते.

"पी," ते म्हणाले. "तुजं बी हाय ह्यात."

"मी तर आज नव्हतो, आप्पा."

"म्हनून तर जिकलो."

आणि त्यांनी पहिला घोट घेतला. घोट तोंडात धरून ते डोळे मिटून बसले, त्या मळ्यात ऊस चावताना मिटले होते तसेच. या वेळी गिळला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी खाकी कोटाच्या बाहीला पुसलं आणि म्हणाले, "साखर जास्त पडली." तसा समाधानी माणूस मी नंतर पाहिला नाही.

पण साखरपुडा त्याच्या कितीतरी आधी झाला, आणि तो सांगायचा राहिलाय.

सोमवारी सकाळी कॉलनीतल्या त्यांच्या अंगणात मांडव. दुष्काळाचा म्हणून छोटाच. मी पानाचं तबक घेऊन मागं मागं उभा, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पाहुणे आले. मुलाचा बाप म्हणजे उंच, मिशा पांढऱ्या, डोक्याला गुलाबी फेटा. बसला तो गुडघ्यावर हात ठेवून, सगळीकडं एकदा नजर फिरवून. नारळ आला. त्याला शेंडी होती. काकूंनी दहादा तपासली होती. लेकीची ओटी भरली, साडी दिली. मग साखरेचं ताट पुढं आलं.

पाहुण्यानं चिमूट उचलली, उठला आणि आप्पांच्या तोंडाजवळ नेली.

आप्पांनी हात जोडले.

"पाव्हनं," ते म्हणाले, "राग मानू नका. तुमच्या घरी लेक देतोय ह्ये माजं भाग्य हाय. पर माजं तोंड बांधलंय." आणि त्यांनी सांगितलं. कारखान्याचा संघ, गेलेली पोरं, नवी पोरं, कॅन्टीन. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. "आज मी ही खाल्ली तर ती पोरं समजतील, आप्पाचा बी इस्वास उडाला. तुमी म्हनाल तर पाय धरतो तुमचं. पर तोंड उघडत न्हाई."

काकूंनी पदर तोंडात धरला होता. लेक खाली मान घालून बसली होती आणि तिच्या बांगड्या तेवढ्या किणकिणत होत्या. पाहुण्याच्या बोटांतली चिमूट तशीच हवेत.

"गोलात कोन उभा ऱ्हातो?" त्यानं विचारलं.

काटा कारकुनानं आयुष्यात केलेलं एकमेव समाजकार्य म्हणजे त्यानं लगेच माझ्याकडे बोट केलं. लोक बाजूला झाले. मी तबकासकट पुढं आलो. पाहुण्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं, बाजारात बैल न्याहाळतात तसं, फक्त त्याला घ्यायचा नव्हता.

"ह्योच," तो म्हणाला. "सोयरीक करायच्या आदी मानूस बघावा लागतो. काल सांच्यालाच आल्तो मी. छावनीत जनावरांमदी बसून समदा ख्योळ बघितला."

मग तो वळला, हातातली साखर त्यानं काकूंच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटवली. आप्पांच्या खांद्यावर हात टाकला आणि मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"असलं बुजगावनं गोलात हाय, आन तरीबी ह्या मानसानं आशा सोडली न्हाई. ह्येच्या लेकीला आमचं पोरगं काय जड जानार?"